उभं राहून रंगवावं की बसून?

गोव्यातल्या मंगेशी देवळाच्या सात मजली दीपमाळेचं चित्र रंगवायला घेतलंत, तर उभं राहायचं की बसायचं हे आधीच ठरवा आणि मधेच बदलू नका. उभं असताना डोळ्यांची पातळी साधारण ५ फुटांवर असते, स्टुलावर बसलं की ४ फुटांच्या आसपास येते. क्षितिजरेषाही तेवढीच खाली सरकते आणि प्रत्येक मजल्याच्या कडेचा उतार बदलतो. अर्धं चित्र उभ्याने, अर्धं बसून केलं, की मग कितीही रंग चढवा, दीपमाळ वाकडीच दिसते.

मी तैलरंग उभ्यानेच करते. ब्रश मागच्या टोकाकडे धरायचा, हात खांद्यापासून फिरवायचा. थोडं काम झालं की चार-पाच पावलं मागे जायचं आणि डोळे किलकिले करून छायाप्रकाश बघायचा. बसलेला माणूस यालाच कंटाळतो, आणि चित्र तिथेच बिघडतं.

जलरंगाला मात्र खुशाल बसा. बोर्ड जवळजवळ आडवा लागतो, नाहीतर ओघळ येतात. मिरामारच्या किनाऱ्यावर वारा असतो, तेव्हा ईझलला, म्हणजे चित्र ठेवायच्या तिवईला, सामानाची पिशवी टांगा.

कंबर दुखत असेल तर उंच स्टूल घ्या. त्यावर नुसतं टेकता येतं, पटकन उठून मागे जाता येतं आणि डोळ्यांची पातळीही फारशी उतरत नाही.