जुन्या रेल्वेलाईनचा ट्रेल करताय? मग या चुका टाळा

इकडे अमेरिकेत बंद पडलेल्या लाईनवर ट्रेल, म्हणजे चालायला आणि सायकलला वाट, करायचा म्हटलं की पहिल्या शनिवारी वीस-पंचवीस जण करवती आणि डोनटचे खोके घेऊन हजर, आणि सगळे थेट झुडपांवर तुटून पडतात. मीही तेच केलंय. संध्याकाळपर्यंत अर्धा मैल साफ, ग्रुपवर फोटो, आणि जमीन कोणाची हे एकालाही माहीत नाही!

ही सगळ्यात महागातली चूक. बऱ्याच ठिकाणी ती पट्टी रेल्वे कंपनीच्या मालकीची नसतेच, फक्त गाडी चालवायचा हक्क असतो, आणि लाईन कायद्यानं सोडून दिली की तो हक्क संपून जमीन शेजारच्याकडे जाऊ शकते. २०१४ ला ब्रँट केसमधे सुप्रीम कोर्टानं वायोमिंगमधल्या एका लाईनबद्दल हेच सांगितलं. यावर १९८३ पासून रेलबँकिंगची सोय आहे, म्हणजे लाईन पुढे कधी गाडीला लागली तर म्हणून राखून ठेवायची आणि तोवर तिथे ट्रेल. पण त्यासाठी सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाकडे, म्हणजे रेल्वेवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाकडे, वेळेत अर्ज हवा, टॅक्स आणि जबाबदारी घ्यायला कोणीतरी तयार हवं आणि रेल्वे कंपनीचाही होकार हवा. तुम्ही झुडपं तोडत बसलात आणि लाईन हातची गेली तर बसा बोंबलत. इलिनॉय प्रेरी पाथ या जुन्या लाईनवरच्याच ट्रेलची सुरुवात फावड्यानं नाही, पत्रानं झाली होती, १९६३ ला मे वॉट्स बाईंनी शिकागो ट्रिब्यून या पेपरला लिहिलेल्या.

दुसरी चूक पाण्याची, आणि इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. भरावाखाली जुन्या मोऱ्या असतात, कटिंगमधे, म्हणजे टेकडी कापून लाईन नेलेली असते तिथे, दोन्ही बाजूला चर असतात, रेल्वेची माणसं ते साफ ठेवायची, लाईन बंद झाली की कोण बघतंय. आम्ही वर छान चुरी, म्हणजे फोडलेल्या दगडाचा बारीक चुरा, टाकून रोलर फिरवला आणि खालची मोरी निम्मी गाळानं आणि बीव्हरनं (फांद्यांचे बांध घालणारा प्राणी) कोंबलेल्या फांद्यांनी भरलेली. एप्रिलच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी भरावाला तटून उभं राहिलं, सकाळी जाऊन बघतो तर चार फूट रुंद घळ आणि आमची सगळी चुरी खालच्या शेतात राखाडी जिभेसारखी पसरलेली. आता मी पाऊस पडत असतानाच गमबूट घालून चक्कर मारतो, पाणी कुठे तुंबतंय ते कोरड्या दिवशी कितीही डोकं खाजवलं तरी दिसत नाही.

चुरीवरून आठवलं, गोल गोट्यांची खडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. ती कधी बसत नाही, सायकलचं चाक रुततं आणि बाबागाडीवाले तर परत येतच नाहीत. कोनेदार फोडलेला दगड बारीक भुकटीसकट घ्या, ओला करून दाबा, मधे किंचित उंच ठेवा. रुळांखालची जुनी जाड खडी मात्र उपटू नका, तोच तुमचा पाया. रूळ काढणारा कंत्राटदार ती पण उचलून नेणार का हे आधीच लिहून घ्या. आणि लाकडी स्लीपर फुकट मिळतात म्हणून घरच्या भाजीच्या वाफ्यांना लावू नका, शेकोटीत तर नाहीच, त्यात क्रिओसोट हे लाकूड टिकवायचं विषारी तेल मुरलेलं असतं.

पुलावर फळ्या आडव्याच मारा, उभ्या मारल्या की फटीत टायर अडकतो. बोगदा असेल तर हिवाळ्याचा विचार आधी करा, विस्कॉन्सिनच्या एलरॉय-स्पार्टा ट्रेलवर बोगद्यांना मोठी दारं आहेत आणि ती थंडीत बंद करतात, कारण झिरपलेलं पाणी गोठून दगड फोडतं.

शेजाऱ्यांना नकाशा दाखवायला मीटिंगला बोलवायच्या आधी त्यांच्याकडे नुसते जा. आमच्या इथले एक म्हातारे शेतकरी दोन वर्षं ट्रेलच्या विरोधात होते, चोर येतील म्हणायचे. मोरी फुटली त्या दिवशी तेच गेटपाशी आले आणि म्हणाले, अजून एक आहे, तिकडे ओकच्या झाडापाशी, पूर्ण गाडली गेलीये, चला दाखवतो.