सरळ रस्त्यावरचा माझा पहिला महिना

सर्व्हेअर म्हणून लागलो आणि पहिल्याच महिन्यात 400 मीटरमध्ये रस्त्याची मध्यरेषा 8 सेंटीमीटर सरकवून ठेवली. जालन्याकडचं चौपदरी काम, सपाट काळी जमीन, लांबवर वळण नाही. म्हटलं, सरळच तर जायचंय! टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारी मशीन) खुंटीवर लावायची, मागची खुंटी बघून 180 अंश फिरवायची, 50 मीटरवर नवी खुंटी ठोकायची, मग मशीन उचलून तिच्यावर. संध्याकाळी पक्क्या पिलरवर चेक घेतला आणि घाम फुटला.

मशीन खिळ्यावर दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे बसतेच. पण मागची खुंटी 50 मीटरवरच असेल, तर तेवढ्यानेही दिशा दहा-बारा सेकंद (सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) फिरते, आणि फिरलेली दिशा पुढच्या खुंटीकडे जाते. एक सेकंद म्हणजे किलोमीटरला जेमतेम 5 मिलिमीटर, पण मी आठ वेळा मशीन हलवली होती.

आमच्या सीनियर दादांनी सगळ्या खुंट्या उपटायला लावल्या. रस्त्याच्या हद्दीबाहेर काँक्रीटचे कंट्रोल पिलर असतात. ट्रॅव्हर्स करून, म्हणजे एका पिलरवरून पुढच्यावर कोन-अंतरं मोजत जाऊन, त्यांचे कोऑर्डिनेट पक्के केलेले असतात. मशीन एका पिलरवर, बॅकसाइट (दिशा पक्की करायची नजर) लांबच्या पिलरवर, खुंट्या मात्र जवळच्या. काम झालं की तिसऱ्या पिलरवर चेक. प्रत्येक खुंटी पिलरवरून यायला हवी, शेजारच्या खुंटीवरून नाही. आणि पिलरवरही आंधळा विश्वास नको: काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, उथळ पाया हलतो.

प्रिझम, म्हणजे मशीनचा किरण परत पाठवणारी पोलवरची काच, धरणाऱ्या हेल्परशी जमवून घ्या. दोन मीटरचा पोल एक अंश कलला तरी साडेतीन सेंटीमीटर गेले; पोल उभा आहे का ते त्यावरचा बबल दाखवतो. वॉकीटॉकीवर दिवसभर एकच चालतं: "डावीकडे दोन सेंटी... अजून पाच मिली... बबल बघ... ठोक!" अकरानंतर जमिनीतून वाफा निघतात, प्रिझम थरथरतो, लांबचे शॉट सकाळीच उरका.

ड्रॉइंग यूटीएममध्ये (गोल पृथ्वी सपाट ग्रिडवर मांडायची पद्धत) असेल तर स्केल फॅक्टर, म्हणजे जमिनीवरचं अंतर ग्रिडवर किती पट भरतं तो आकडा, आधी विचारा. 75 रेखांशाजवळ जमिनीवरचा किलोमीटर ग्रिडवर सुमारे 40 सेंटीमीटर कमी भरतो. दोन्ही टोकांकडून काम चालू असेल तर हे नंतर कळून उपयोग नाही.

कर्ब (रस्त्याच्या कडेची काठाची रांग) टाकण्याआधी सळयांना दोरी बांधली की दादा उन्हं कलल्यावर जमिनीला गाल टेकवून दोरीवरून एक डोळा मिटून बघायचे. माझ्या शीटवर सगळे आकडे बरोबर होते. ते म्हणाले, "तिसऱ्या सळईपाशी पोट आलंय." टेप लावला, तर दीड सेंटीमीटर.