खुणा करणारा चिंपांझी: व्हिडिओ वर्गात दाखवताना काय मोजावं, काय विचारावं

चिंपांझीनं हाताच्या खुणांनी खाऊ मागितला, गोरिलानं मेलेल्या मांजरासाठी शोक केला, असे व्हिडिओ लेकरांच्या मोबाइलवर कधीच पोचलेले असतात. वर्गात ते दाखवायचे आणि ‘बघा, किती हुशार!’ म्हणून थांबायचं, यात नुकसान आहे. नुसतं ‘सगळं खोटं आहे’ म्हणून मोकळं होण्यातही तेवढंच नुकसान आहे. आठवी ते बारावीच्या वर्गासाठी किंवा गावच्या वाचनालयातल्या गटासाठी ही रीत आहे. तिला दोन जोडतासिका आणि एक सकाळ लागते. खूण करणाऱ्या प्राण्याइतकंच ती खूण वाचणाऱ्या माणसाकडे बघायला शिकवणं, हा तिचा हेतू.

सामान थोडं आहे. साधारण तीन मिनिटांचा व्हिडिओ, टीव्ही किंवा प्रोजेक्टर, सेकंद दाखवणारं घड्याळ, प्रत्येकाला एक आखलेला कागद, पडद्याच्या खालचा भाग झाकेल अशी पुठ्ठ्याची पट्टी आणि हिशोबाच्या मशीनची मिळते तशी कागदी गुंडाळी. गुंडाळी नसेल तर जुन्या वह्यांचे कागद चिकटवून लांब पट्ट्या करा. व्हिडिओ सलग, न कापलेला निवडा. दर चार सेकंदांनी दृश्य बदलत असेल तर तो मोजणीला निरुपयोगी आहे, कारण खुणेच्या आधी शिक्षकानं काय केलं तेच त्यात कापलेलं असतं.

पहिल्या दहा मिनिटांत शब्दांचा घोळ मिटवा. आपल्याकडचं काळ्या तोंडाचं वानर आणि लाल तोंडाचं माकड, दोघांनाही शेपटी असते. ते एप नव्हेत. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन हे एप. त्यांना शेपटी नसते. भारताच्या रानात सापडणारा एप म्हणजे ईशान्येकडचा हुलॉक गिबन. मराठवाड्याच्या रानात एकही नाही. मग हातच का निवडले, तेही सांगा. विकी नावाच्या चिंपांझीला अमेरिकेत माणसाच्या घरात वाढवून बोलायला शिकवलं, पण बरीच वर्षं खपूनही ‘मामा’, ‘पापा’, ‘कप’, ‘अप’ एवढे चारच शब्द तिला कसेबसे म्हणता आले. चिंपांझीचा आपल्या आवाजावर आपल्यासारखा ताबा नसतो. हातांवर मात्र चांगला असतो. म्हणून १९६६ मध्ये ॲलन आणि बिॲट्रिक्स गार्डनर या दांपत्यानं नेवाडा राज्यातल्या रेनो इथे वॉशू नावाच्या चिंपांझीला अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या खुणा शिकवायला घेतल्या.

आता सगळ्यात जपून करायची गोष्ट, आणि ती व्हिडिओ लावण्याआधीच करायची. वर्गातलं किंवा गल्लीतलं एखादं लेकरू बहिरं असेल, तर या विषयावरून त्याला माकडाची उपमा देणारं कुणीतरी निघतंच. ती वेळ येऊच देऊ नका. सांकेतिक भाषा म्हणजे माणसांची पूर्ण भाषा आहे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. तिच्यात विनोद होतात, भांडणं होतात, कविता होतात. १८८० मध्ये मिलान इथल्या परिषदेनं बहिऱ्या मुलांच्या शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला आणि पुढे कित्येक पिढ्यांचे हात बांधले गेले. अमेरिकन सांकेतिक भाषेला खरी भाषा म्हणून भाषाशास्त्रात मांडलं विल्यम स्टोको यांनी, १९६० मध्ये. म्हणजे वॉशूच्या प्रयोगाआधी अवघी सहा वर्षं. ज्यांच्या भाषेला भाषा म्हणायला शाळा तयार नव्हत्या, त्यांच्याच भाषेतल्या शे-सव्वाशे खुणा केल्या म्हणून एका चिंपांझीचं जगभर कौतुक झालं. हे त्यांना कसं लागलं असेल, हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि उत्तराची घाई करू नका. ‘मुका’ हा शब्द त्या दिवशी वर्गात वापरायचा नाही, हेही तेव्हाच सांगा.

जवळच्या गावात सांकेतिक भाषा वापरणारी प्रौढ व्यक्ती असेल तर तिला पाहुणी म्हणून बोलवा, सोबत दुभाषा ठेवा आणि दोघांना प्रवासखर्च व मानधन द्या. मात्र तिच्याकडून व्हिडिओचं भाषांतर मागू नका. भारतीय सांकेतिक भाषा आणि अमेरिकन सांकेतिक भाषा वेगळ्या आहेत. अमेरिकेतली बोटांची मुळाक्षरं एका हातानं होतात, आपल्याकडची इंग्रजी मुळाक्षरं बहुतेक दोन हातांनी. तिला विचारायचं ते एवढंच: हाताचा आकार स्पष्ट आहे का, की नुसती हालचाल आहे? हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याला इतिहास आहे. वॉशूच्या नोंदी ठेवणाऱ्यांत एक व्यक्ती जन्मापासून सांकेतिक भाषेत वाढलेली होती. ऐकू येणाऱ्या सहकाऱ्यांच्या वहीत खुणांची मोठी यादी असायची, आपल्याला मात्र तेवढ्या खुणा दिसायच्या नाहीत, असं त्या व्यक्तीनं पुढे सांगितलं.

मोजणी अशी करा. आवाज बंद ठेवा. खालची अक्षरं पुठ्ठ्यानं झाका. ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण ‘संत्रं दे’ असं एकदा वाचलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं. वर्गाच्या दोन तुकड्या करा आणि दोघांना एकमेकांचे कागद दिसणार नाहीत असं बसवा. तीन मिनिटांचे दहा-दहा सेकंदांचे अठरा तुकडे होतात. दर तुकड्यापुढे हाताचा आकार, हात अंगाच्या कोणत्या भागाशी गेला, हालचाल कशी झाली, त्याआधी समोरच्या माणसानं काय केलं आणि त्यानंतर प्राण्याला काय मिळालं, एवढं लिहायचं. अर्थाचा रकाना कागदाच्या मागच्या बाजूला आखा. तो शेवटी भरायचा. व्हिडिओ तीनदा दाखवा: पहिल्यांदा नुसता बघायला, दुसऱ्यांदा प्राण्याच्या हातांसाठी, तिसऱ्यांदा फक्त माणसाच्या हातांसाठी आणि नजरेसाठी. तिसऱ्या वेळी वर्ग एकदम शांत होतो. खुणेच्या क्षणभर आधी तीच खूण शिक्षकानं केलेली असते, हे बऱ्याच लेकरांना तेव्हाच दिसतं.

मग दोन्ही तुकड्यांचे कागद जुळवा. इथे एक चूक हमखास होते. समजा अठरापैकी नऊ घरं दोघांनीही रिकामी सोडली आणि उरलेल्या नवांपैकी चार जुळली. सरळ हिशोबानं तेरा भागिले अठरा, म्हणजे ७२ टक्के एकमत. ऐकायला छान वाटतं. पण ‘काहीच झालं नाही’ यावर एकमत व्हायला डोळे लागत नाहीत. दोघांनी रिकामी सोडलेली घरं वगळा: चार भागिले नऊ, म्हणजे ४४ टक्के. हाच आकडा फळ्यावर लिहा. एकमत निम्म्याच्या खाली असेल, तर त्या व्हिडिओच्या अर्थावर चर्चा न करता, एकमत का झालं नाही यावर करा.

उत्तर आधी माहीत असलं की डोळ्यांना तेच दिसतं, हा धोका गार्डनर दांपत्याला ठाऊक होता. म्हणून त्यांनी वॉशूला पेटीतल्या पडद्यावर चित्रं दाखवली आणि खूण लिहून घेणाऱ्याला ते चित्र दिसणार नाही अशी व्यवस्था केली. वर्गात याची नक्कल करता येते. एक मुलगा पाटी धरतो, दुसरा तिच्यावरचं चित्र बघून खुणा करतो, तिसरा पाटी न बघता ओळखतो. आधी पाटी धरणाऱ्याला चित्र माहीत असू द्या, मग माहीत नसू द्या. दोन्ही वेळी दहा-दहा चित्रं घ्या आणि गुण लिहून ठेवा. फरक पडला, तर पाटी धरणाऱ्याच्या भुवया, मान, श्वास उत्तर फोडत होते. जर्मनीतला हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. तो गणितं करत नसून विचारणाऱ्याच्या अंगाची नकळत होणारी हालचाल वाचतो, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये असंच दाखवून दिलं.

दुसऱ्या तासिकेची सुरुवात एका वाक्यानं करा. निम चिम्प्स्की या चिंपांझीनं केलेली ही सगळ्यात लांब खूणमाळ:

दे संत्रं मी दे खा संत्रं मी खा संत्रं दे मी खा संत्रं दे मी तू

लेकरांना मोजायला लावा. सोळा खुणा, पण वेगळ्या फक्त पाच. ‘दे’, ‘संत्रं’ आणि ‘मी’ चार-चार वेळा, ‘खा’ तीनदा, ‘तू’ एकदा. आता घरातल्या अडीच-तीन वर्षांच्या पोराचं बोलणं शेजारी लिहा: ‘पाणी’, ‘मला पाणी’, ‘मला माठातलं पाणी दे’. इथे प्रत्येक वाढलेला शब्द नवी माहिती आणतो. निमच्या माळेत लांबी वाढते, माहिती वाढत नाही. कोलंबिया विद्यापीठाचे हर्बर्ट टेरेस यांनी निमला सव्वाशेच्या आसपास खुणा शिकवल्या. पण त्याच्या खूणमाळेची सरासरी लांबी १.१ ते १.६ खुणांच्या मध्येच रेंगाळली. १९७९ मध्ये त्यांनी स्वतःच निष्कर्ष उलटवून लिहिलं की निमनं वाक्यं केली नाहीत. स्वतःच्या प्रयोगाविरुद्ध असं लिहायला धैर्य लागतं, हे लेकरांना आवर्जून सांगा.

पण तिथेच थांबू नका, नाहीतर वर्ग ‘म्हणजे सगळा पोपटपंचीचा खेळ’ म्हणून उठेल. निमला साठेक शिक्षकांनी आळीपाळीनं, बराचसा लहानशा खोलीत शिकवलं होतं. अशा वातावरणात माणसाचं पोरही किती बोललं असतं? उलट वॉशूनं दत्तक घेतलेल्या लुलिस नावाच्या पिल्लासमोर माणसांनी मोजक्या सात खुणा सोडून बाकी खुणा करणं बंद ठेवलं, तरी त्यानं वॉशूकडून आणि इतर चिंपांझींकडून कितीतरी खुणा उचलल्या. कान्झी नावाच्या बोनोबोची चाचणी वेगळीच होती. त्याला ६६० तोंडी आज्ञा दिल्या, त्यातल्या सुमारे ७२ टक्के त्यानं बरोबर पाळल्या. समजणं आणि बोलणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. कागदावर त्यांचे रकाने वेगळे ठेवा.

वॉशूनं हंस बघून ‘पाणी’ आणि ‘पक्षी’ अशा खुणा केल्या, ही गोष्ट कुणीतरी काढेलच. तिचा अर्थ ‘पाणपक्षी’ असा जोडशब्द, की समोर पाणीही होतं आणि पक्षीही होता म्हणून दोन सुटी उत्तरं? हे ठरवायला तिनं दिवसभरात केलेल्या सगळ्या जोड्या लागतील, निरर्थक वाटणाऱ्यासुद्धा. एकटी सुंदर जोडी पुरावा ठरत नाही. हा नियम व्हॉट्सॲपवर येणाऱ्या प्रत्येक चमत्काराला लावायला सांगा.

आता कागदी पट्ट्या घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. निमची पट्टी २६ सेंटिमीटर कापा, वॉशूची ४२, खुणा शिकलेल्या कोको या गोरिलाची साधारण ४७. निमच्या पट्टीवर खुणा शिकवण्याचा प्रकल्प चालला तो भाग रंगवा: जेमतेम चार सेंटिमीटर. जन्मल्यावर काही दिवसांतच त्याला आईपासून काढलं होतं. १९७७ मध्ये प्रकल्प संपल्यावर तो ओक्लाहोमाला परत गेला, पुढे न्यूयॉर्कजवळच्या वैद्यकीय प्रयोगशाळेला विकला गेला आणि मग टेक्ससमधल्या प्राण्यांच्या आश्रयस्थानी पोचला. २००० मध्ये तो तिथे वारला. रंगवलेल्या चार सेंटिमीटरांचे शोधनिबंध झाले. उरलेल्या बावीस सेंटिमीटरांची जबाबदारी कुणाची होती, हा प्रश्न पट्टी हातात असताना विचारा. फळ्यावर विचारला तर तो निबंधाचा विषय होतो, हातातल्या पट्टीवर तो आयुष्याचा होतो.

चर्चा बहुधा एका वळणावर अडते: ‘तो बोलू शकत होता, म्हणून त्याला पिंजऱ्यात ठेवायला नको होतं.’ इथे शिक्षकानं बाजू घ्यावी. बुई नावाचा चिंपांझी हेपॅटायटिस-सीच्या प्रयोगांसाठी प्रयोगशाळेत होता. १९९५ मध्ये जुने शिक्षक रॉजर फाउट्स भेटायला गेले, तेव्हा कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतरही त्यानं त्यांना ओळखून खुणा केल्या. ते दूरचित्रवाणीवर दिसलं, लोक हळहळले आणि पुढे तो सुटला. त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यातल्या, एकही खूण न शिकलेल्या चिंपांझींना दुखत नव्हतं का? यातना व्हायला व्याकरण लागत नाही. भाषेला दयेचा दाखला केलं, तर ज्यांना आपली भाषा येत नाही ते सगळे बाहेर राहतात. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन वानरांच्या नावे नोंदलेली असल्याचं २०२२ मध्ये बातम्यांत आलं होतं. ती नोंद करणाऱ्यांनी वानरांची भाषेची परीक्षा घेतली नव्हती.

शेवटची सकाळ बाहेरची. वानरांना काही शिकवायचं नाही, हे आधी पक्कं करा. वानर पकडून पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही आणि माकडांना खेळासाठी शिकवण्यावर १९९८ पासून बंदी आहे. आपण त्यांच्या खुणा शिकायच्या. युगांडातल्या बुडोंगो जंगलात कॅथरीन होबेटर आणि रिचर्ड बर्न यांनी रानटी चिंपांझींच्या ६६ खुणा आणि त्यांचे १९ अर्थ असेच नोंदले. खूण करण्याआधी प्राणी समोरच्याकडे बघतो का, करून थांबतो का, हवं ते झालं नाही तर पुन्हा किंवा वेगळी खूण करतो का, आणि काय झाल्यावर खूण थांबते? थांबवणारी गोष्ट म्हणजे त्या खुणेचा अर्थ.

दौलताबाद, वेरूळ किंवा गावाबाहेरची चिंचेची झाडं, कुठेही चालेल. हरभऱ्याला घाटे किंवा तुरीला शेंगा लागल्या असतील तर शेताच्या कडेला जाऊ नका. राखणीला बसलेला माणूस आणि वानरं, दोघंही तेव्हा चिडलेले असतात. उन्हं चढायच्या आत जा, पंधरा-वीस पावलं लांब राहा, चार-चारच्या गटात बसा. खायला देऊ नका. घास दिसला की सगळ्या खुणा मागणीच्या होतात. नर रोखून बघू लागला किंवा दात दाखवले तर ते हसणं नव्हे, नजर खाली करून मागे सरका.

वहीत क्रियापदं लिहायची, भावना नाही. २०२१ च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरांनी कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर, छतांवर नेली, तेव्हा ‘सूड’ हा शब्द देशभर गेला. पिल्लू उचललं, वर नेलं, पिल्लू पडलं, एवढं बघणाऱ्याला दिसलं होतं. सूड कुणी पाहिला नव्हता. ‘नर रागावला’ असं कुणी लिहिलं तर खोडून ‘नर दोन पायांवर उभा राहिला, शेपटी वर, आवाज तीनदा’ असं लिहायला लावा. अर्थाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ ही पूर्ण गुणांची नोंद धरा.

सगळे कागद तारीख घालून एका फाइलीत ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तोच व्हिडिओ दाखवा आणि त्यांची मोजणी पूर्ण होईपर्यंत जुनी फाइल कपाटातच राहू द्या.