ओरिगामीचं ॲनिमेशन करताय? या चुका टाळा

कुणी ओरिगामीचं ॲनिमेशन दाखवलं की मी घडी अर्ध्यावर असताना ते थांबवतो. बऱ्याचदा तिथे कागद आखडलेला सापडतो.

कारण ठरलेलं: घडीच्या आधीची जागा, नंतरची जागा, आणि मधल्या फ्रेमसाठी सरळ रेघ. कर्णावर घडी घालून चौरसाचा कोपरा समोरच्या कोपऱ्यावर न्यायचा असेल, तर या हिशोबाने अर्ध्या वाटेत तो थेट कर्णावरच येतो. अर्धा कागद गायब! खरा कागद तेव्हा 90 अंशांत उभा असतो. कोपरा घडीच्या रेषेभोवती 0 ते 180 अंश फिरवा. मी तर प्रत्येक फ्रेमला सगळ्या कडांची लांबी मोजतो. फरक दिसला की प्रोग्राम तिथेच बंद.

दुसरी चूक मी स्वतः केलेली. घड्यांच्या आकृत्या वाचून कागदाचा क्रेन पक्षी घडवणारा कोड लिहिला होता. पुढचा पेटल फोल्ड (पाकळीसारखी उघडणारी घडी) झकास उघडला, मागचा मात्र कागदाच्या पोटात घुसला. दोन रात्री गणित तपासलं, अर्धा कोड नव्याने लिहिला. घोळ होता ‘कागद पालथा करा’ सांगणाऱ्या वळशाच्या बाणात. कोड चित्र उलटवत होता, पण मागून वाचलेला व्हॅली फोल्ड (दरीसारखी आत जाणारी घडी) व्हॅली म्हणूनच साठवत होता. पुढून बघाल तर तो माउंटन, म्हणजे डोंगरासारखा वर येणारा असतो. आता प्रत्येक घडी मी रंगीत बाजूच्या हिशोबानेच नोंदवतो, आणि कीबोर्डशेजारी एका बाजूने रंगीत असलेला कागद ठेवतो. शंका आली की आधी हाताने घडी घालायची.

आकृत्यांत व्हॅलीची रेघ नुसती तुटक, माउंटनची तुटक आणि मधे ठिपके असलेली; स्कॅन अंधूक असेल तर माउंटनच्या रेघेतले ठिपके उडतात आणि कोड तिला व्हॅली समजतो. एकाच बिंदूची जागा एकदा 0.5 आणि एकदा 0.4999998 अशी आली आणि ते दोन वेगळे बिंदू राहिले तर कागद फाटतो. आधी ते जोडून घ्या. थर एकाच उंचीवर ठेवलेत तर ते लुकलुकणार, किंचित जाडी द्या. मॉडेल सपाट घडणारं असेल तर कागदाच्या आत घड्या जिथे मिळतात त्या प्रत्येक बिंदूवर माउंटन आणि व्हॅली यांच्या संख्येत बरोबर 2 चा फरक हवा. हा माएकावाचा नियम. तो पाळला म्हणजे घडी जमेलच असं नाही, पण मोडला तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आणि घाईवाल्यांची कायमची तक्रार: क्रीज पॅटर्न (उलगडलेल्या कागदावरच्या सगळ्या घड्यांच्या रेघा) ‘ओरिगामी सिम्युलेटर’ या प्रोग्राममध्ये टाकला, पण पायऱ्या दिसत नाहीत. कशा दिसतील? तो सगळ्या घड्या एकदम घालतो. घड्यांचा क्रम क्रीज पॅटर्नमध्ये लिहिलेलाच नसतो. तो एकेक आकृती वाचून काढावा लागतो, आणि नेमकं तेच काम कुणाला नको असतं.