घरशाळेत गणिताचं पुस्तक कसं निवडावं आणि ते मुलाप्रमाणे कसं बदलून घ्यावं

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेले आईवडील भेटले की गणिताबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पुस्तक कोणतं घ्यायचं?" बालभारती घ्यावं, एनसीईआरटी घ्यावं, सिंगापूरचं मागवावं की एखाद्या ॲपचे वर्षाचे पैसे भरावेत? माझं म्हणणं असं की हा प्रश्न तिसरा ठेवा. आधी मूल नेमकं कुठं आहे ते बघा. मग पुढं दहावी कुठून करायची त्याचा अंदाज घ्या. पुस्तक त्यानंतर. आणि एकदा घेतलं की तेच एक कणा म्हणून धरा, त्यातली प्रकरणं पुढंमागं करा, सराव कमीजास्त करा, पण मधेच सोडून दुसरं सुरू करू नका. चार पुस्तकांतलं थोडं थोडं करत गेलं की प्रत्येक पुस्तक दुसऱ्यावर विसंबतं आणि मधले दुवे कुणीच शिकवत नाही.

आम्ही नाशिकरोडला राहतो. लेक अकरा वर्षांची, धाकटा आठचा, दोघंही घरी शिकतात. मी पूर्वी पतसंस्थेत कर्जखातं सांभाळायचे. खाली लिहितेय ते आमच्या टेबलावर रोज चालतं ते.

मूल कुठं आहे?

वयावरून इयत्ता आणि इयत्तेवरून पुस्तक हा हिशेब घरी करायची गरज नाही. नऊ वर्षांचं मूल गुणाकारात पाचवीचं आणि अपूर्णांकात दुसरीचं असू शकतं. त्यासाठी विकतची चाचणी नको. एखाद्या निवांत सकाळी पुढचे प्रश्न द्या, आणि उत्तराइतकंच ते कसं काढलं याकडे लक्ष ठेवा.

पाचशेची नोट दिली, ३१७ रुपयांचं सामान घेतलं, परत किती? ३१७ वरून ३२०, मग ४००, मग ५०० असं चढत जाणाऱ्या मुलाला संख्यांची चांगली जाण आहे, कागदावरची वजाबाकी चुकत असली तरी. ३००५ वजा १४६७ कागदावर मांडायला द्या, मधल्या दोन शून्यांपाशी उसना घेताना काय होतं ते दिसेल. सात आठे विसरला तर काय करतोस, हे विचारा. "पाच आठे चाळीस, दोन आठे सोळा, छप्पन" असं म्हणणाऱ्या मुलाला पाढे पाठ नसले तरी गुणाकार कळलेला आहे. दोन तृतीयांश मोठा की तीन चतुर्थांश, आणि कशावरून?

शेवटचा प्रश्न माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा:

८ + ४ = □ + ५

पुष्कळ मुलं चौकटीत १२ लिहितात. काही पुढचे पाचही मिळवून १७ लिहितात. धाकट्यानं १२ लिहिलं, आणि त्याच्या वहीत तोपर्यंत शेकडो बेरजा बरोबर होत्या. 'बरोबर' (=) हे चिन्ह त्याच्या लेखी 'आता उत्तर लिही' अशी सूचना होती. दोन्ही बाजू सारख्या आहेत, हे त्याला त्यातून कधी समजलंच नव्हतं. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तराजू काढला. एका पारड्यात आठ आणि चार मणी, दुसऱ्यात पाच, काटा मधे येईपर्यंत त्यानं एकेक मणी टाकायचा. सात टाकल्यावर काटा थांबला. मग लगेच तेच कागदावर. त्यानंतर काही आठवडे मी रोजची उदाहरणं उलटी मांडत गेले: १२ = ९ + □, ६ + ६ = □ + ४. हे आठव्या वर्षी पक्कं झालं नाही तर सहावी-सातवीत समीकरणं आली की मूल अडतं, आणि तेव्हा सगळे म्हणतात की बीजगणित अवघड आहे.

पुढचा रस्ता

लहान मुलांच्या पालकांनी याची फार काळजी करू नये, पण माहिती हवी. एनआयओएस, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिच्या मुक्त बेसिक शिक्षणाचे 'ए', 'बी', 'सी' हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. दहावीसाठी किमान वय १४. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, विषय सुटे सुटे देता येतात, आणि मराठी माध्यमही मिळतं. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म; त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून मूल काही वर्षं शाळेत गेलेलं असेल तर तो कागद जपून ठेवा. तिथं गणिताचे दोन भाग, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे पेपर आणि वर अंतर्गत मूल्यमापन.

यावरून ठरवायचं काय? सातवीपर्यंत कुठलंही पुस्तक चालेल. आठवीच्या सुमारास ज्या मंडळाची परीक्षा द्यायची त्याचं पुस्तक कणा करा. त्याआधी परीक्षेच्या धाकानं काही करू नका.

कणा कोणता?

मराठीत शिकणाऱ्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: बालभारती. पीडीएफ फुकट आहे, भाषा मुलाची आहे, छेद, अंश, लसावि, मसावि या संज्ञा जिथल्या तिथं येतात, आणि सोडवलेली उदाहरणं व सरावसंच यांची मांडणी नीट आहे. उणीव एवढीच की मुलानं स्वतः चाचपडत शोधावं अशा जागा कमी आहेत.

ती उणीव एनसीईआरटीची नवी पुस्तकं भरून काढतात. २०२४ साली आलेलं सहावीचं 'गणित प्रकाश' मुलांना आधी खेळवतं, मग नियम सांगतं. तेही फुकट मिळतं. पण त्यात सराव कमी आहे. ज्या मुलाला पुन्हा पुन्हा केल्याशिवाय बसत नाही, त्याला ते एकटं पुरत नाही. आमच्याकडे बालभारती कणा आहे आणि 'गणित प्रकाश' जोडीला.

सिंगापूरच्या पद्धतीचं नाव खूप ऐकू येतं. तिथली पुस्तकं महाग पडतात आणि भाषा इंग्रजी. पण त्यातली पट्टीची आकृती फुकटात उचलता येते, आणि जरूर उचला. उदाहरण: बागेतल्या द्राक्षांच्या पेट्यांपैकी २/५ पेट्या विकल्या, ३६ उरल्या, तर एकूण किती होत्या? एक लांब पट्टी काढायची, तिचे पाच समान भाग करायचे, दोन रंगवायचे. न रंगवलेल्या तीन भागांत ३६, म्हणजे एका भागात १२, म्हणजे एकूण ६०. लेकीनं हे 'क्ष' न मांडता दहाव्या वर्षी सोडवलं. शाब्दिक उदाहरण दिसलं की ज्या मुलांचे डोळे आधी 'बेरीज की गुणाकार' हे शोधतात, त्यांना ही पट्टी फार उपयोगी पडते.

ॲपबद्दल थोडंच सांगते. पाढ्यांच्या सरावाला ठीक. कणा म्हणून नको, कारण ॲप उत्तर बघतं आणि तुम्हाला मुलाची रीत बघायची आहे.

बदलायचं कसं?

पाठ्यपुस्तकात अपूर्णांक दर वर्षी थोडे थोडे येतात. वर्गात चाळीस मुलं सोबत न्यायची तर ते बरोबर आहे. घरी मात्र एखाद्या विषयाची मुलाला गोडी लागली असेल तर चौथीचं आणि पाचवीचं ते प्रकरण सलग करा, आणि त्या काळात भूमिती थांबली तरी बिघडत नाही. काय झालं, काय राहिलं, हे अनुक्रमणिकेवरच पेन्सिलीनं तारीख घालून लिहा.

सरावसंचातलं प्रत्येक उदाहरण करून घेऊ नका. एकाआड एक द्या. सलग चार बरोबर आली की पुढं जा, दोन चुकली की मागं वळा. राहिलेली उदाहरणं महिन्याभरानं उजळणीला काढायची, ती अगदी नवीकोरी मिळतात.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत मराठी संख्यानामांकडे लक्ष द्या. 'सत्तेचाळीस' ऐकलं की सात आधी ऐकू येतात आणि पाच-सहा वर्षांचं मूल ७४ लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आणि 'एकवीस' अशी दोन्ही वाचनं दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मला तो बदल अतिशय योग्य वाटतो. आम्ही दहा लाल, दहा पांढरे अशी शंभर मण्यांची माळ ओवली. धाकटा माळेवर बोट ठेवून "चाळीस सात, सत्तेचाळीस" असं दोन्ही म्हणायचा, आणि आकडे उलटे पडणं थांबलं.

अपूर्णांकांना मात्र आपली बोली मदत करते. सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन मूल बाजारात ऐकतच असतं. १२५ म्हणजे सव्वाशे, १७५ म्हणजे पावणेदोनशे, मग सव्वा हजार किती, हे तोंडी विचारत राहा. छेद-अंश त्यानंतर येऊ द्या.

वजाबाकीचा सराव कंटाळवाणा झाला की आम्ही कापरेकरांकडे जातो. द. रा. कापरेकर इथेच देवळालीला शाळामास्तर होते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं लावून छोटी, आणि वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७. पुढं ८७३० − ०३७८ = ८३५२. पुढं ८५३२ − २३५८ = ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तिथंच राहते. वजाबाकी चुकली तर ६१७४ वेळेवर येईलच असं नाही, त्यामुळे बऱ्याचदा चूक मूल स्वतःच शोधतं. हे 'गणित प्रकाश'मध्येही दिलंय.

आता दशांश अपूर्णांकांबद्दल थोडं सविस्तर, कारण पुस्तकातली उदाहरणं सर्वांत जास्त मी इथेच बदलली. आजोबांच्या सातबाऱ्यावर क्षेत्र ०.६०.७० असं लिहिलंय. लेक म्हणाली, "एका संख्येत दोन टिंबं कशी?" मी उत्तर न सांगता तिला आजोबांकडे पाठवलं. हेक्टर, आर, चौरस मीटर अशी ती तीन घरं आहेत. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरचा एक हेक्टर. म्हणजे क्षेत्र ६०७० चौरस मीटर, किंवा ०.६०७० हेक्टर. आजोबा मात्र "दीड एकर" म्हणतात. मग दीड एकर म्हणजे ६० गुंठे, एक गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि तिथून चौरस मीटरपर्यंत तिनं स्वतः गुणाकार केला. आजोबा आणि सातबारा दोघंही बरोबर निघाले. पूर्ण दिवस गेला. पण त्यात क्षेत्रफळ, एककांचं रूपांतर आणि शतांश-सहस्रांश सगळं आलं, आणि दशांशाचे दोन सरावसंच मी खुशाल वगळले. तुमच्याकडे शेत नसेल तर वीजबिलाचे युनिट घ्या किंवा सोन्याच्या पावतीवरचं ग्रॅम-मिलिग्रॅम घ्या.

काय वगळू नये? स्थानिक किंमत, भागाकार, अपूर्णांक, गुणोत्तर आणि समीकरण. पाचवी ते सातवीत यातलं काही कच्चं राहिलं तर पुढची दोन पुस्तकं अवघड जातात. रोमन संख्याचिन्हं, स्तंभालेख रंगवणं वगैरे एका दुपारी उरकलं तरी चालतं.

पुस्तक बदलायची वेळ

रडारड झाली म्हणून पुस्तक बदलू नका. आधी दिवसाची वेळ बदला, तास अर्धा करा, त्या प्रकरणाच्या दोन इयत्ता मागं जाऊन बघा. बहुतेक वेळा अडचण तिथंच सापडते. एवढं करूनही तीन महिन्यांत मूल स्वतःहून एकही प्रश्न विचारत नसेल, तर पुस्तक बदला. नवं घेताना पहिल्या पानापासून सुरू करू नका. जे प्रकरण मुलाला पक्कं येतंय ते नव्या पुस्तकातून करून घ्या, म्हणजे भाषा नि मांडणी ओळखीची होते, आणि मग अडलेल्या जागी जा.

वरची प्रश्नांची चाचणी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा घ्या. आकडे बदला, प्रश्नांचा प्रकार तोच ठेवा. जुने कागद शेजारी ठेवून दोन्हींतली रीत ताडून बघा, आणि पुढच्या सहामाहीची प्रकरणं त्यावरून लावा.