घोडा सावलीत, टायर उन्हात

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या वर चढला की आमच्या घरी दुपारी दोनच कामं असतात: घोड्यांना कडुलिंबाखाली बांधायचं आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, अंगावर येऊ नये म्हणून दारं लावून बसायचं. दोन घोड्यांचा ट्रेलर अंगणाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात उभा असायचा. त्याची काळजी करावी असं कधी मनात आलं नाही. लोखंड आहे, त्याला काय होणार?

आठ महिने तो तसाच राहिला. मेळ्याच्या दिवसांत, कडाक्याच्या थंडीत, घोडीला घेऊन आग्र्याच्या रस्त्याला लागलो आणि मोरेन्याच्या अलीकडे उजवा टायर फुटला. नक्षी नव्यासारखी शाबूत होती. माणसं असती तर उतरून कडेला उभी राहिली असती. चारशे किलोच्या बिथरलेल्या घोडीला ट्रकांच्या भोंग्यांत धरून ठेवणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

कारचा टायर झिजून मरतो, ट्रेलरचा उभा राहून. टायरच्या रबरात ओझोनपासून वाचवणारी रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. चाक फिरतं, रबर दबतं-ताणतं, तसं ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. उभ्या टायरला हे वंगण मिळत नाही. वरून ऊन रबर कडक करतं आणि हवेतला ओझोन ताणलेल्या जागी भेगा पाडतो. म्हणून बारीक रेघा आधी टायरच्या बाजूवर दिसतात, खाली जमिनीजवळ फुगवटा येतो तिथे. नक्षी बघून टायर चांगला ठरवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

आधी वय वाचा

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणारी अक्षरं-आकड्यांची ओळ असते. शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही आकडे दिसत नसतील तर ते आतल्या बाजूला असतात, टॉर्च घेऊन खाली वाकायचं. मला एकदा ‘नवा’ म्हणून विकलेला टायर चार वर्षांचा निघाला होता, तेव्हापासून दुकानातच वाचतो. पाच-सहा वर्षं झालेल्या ट्रेलरच्या टायरवर घोडा चढवायचा की नाही, हा विचार कव्हर घेण्याआधी करा. मेलेल्या टायरला पांघरूण घालून उपयोग नाही.

जागा

इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, तिथे जूनमध्ये सूर्य थेट डोक्यावर येतो. ग्वाल्हेर २६ अंशांवर, त्यामुळे आमच्याकडे भर दुपारचा सूर्य बारा महिने थोडा दक्षिणेलाच असतो. म्हणजे वर्षभराचा हिशोब धरला तर घराच्या किंवा भिंतीच्या उत्तरेची जागा सर्वांत चांगली, फक्त मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तिथेही येतं. पश्चिमेची सर्वांत वाईट, कारण दुपारी तीन ते सहाचं ऊन आडवं येतं आणि मडगार्डच्या खालून थेट टायरला लागतं. पत्र्याची शेड असेल तर तिच्या पश्चिमेला आडोसा करा, नाहीतर शेड असून नसल्यासारखी.

शेजारी वेल्डिंगचं काम चालत असेल किंवा ब्रशवाली मोटर फिरत असेल तर ट्रेलर लांब न्या. ठिणग्यांच्या जागी ओझोन तयार होतो. डिझेल, ऑइल सांडलेली जमीनही नको.

धुणं

साधा साबण, पाणी, मऊ ब्रश. शेण आणि चिखल निघाला पाहिजे, आतल्या बाजूचाही. बस्स. टायर काळेभोर चमकवण्यासाठी डिझेल, रॉकेल किंवा तेलकट पॉलिश लावायची आपल्याकडे मोठी हौस आहे. ती चमक रबरातलं रक्षक मेणच विरघळवते. लग्नाच्या वरातीला न्यायचा असला तरी लावू नका.

हवा

हवा पहाटे मोजायची, टायर रात्रभर थंड झालेला असताना. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी भरा. तापमान दर पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक-दीड पीएसआय चढतो, त्यामुळे दुपारी गेज जास्त दाखवणारच. ते बघून हवा काढू नका, रात्री टायर मऊ पडेल. उभ्या टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप जातात. नायट्रोजनचा आग्रह मला समजलेला नाही. साधी हवा चालते, मोजायला मात्र हवी.

उचलायचं की फळी

दोन-तीन महिन्यांहून जास्त काळ ठेवायचा असेल तर चाकांवरचं वजन काढणं उत्तम. आधी ट्रेलर सपाट जागी घ्या, चाकांना दोन्हीकडून दगड लावा. जॅक आणि स्टँड ट्रेलरच्या माहितीपुस्तकात सांगितलेल्या जागीच लावा, पत्र्याच्या बॉडीखाली कधीही नाही. विटा रचू नका, चुरा होतात.

हा खटाटोप जमणार नसेल तर टायरखाली जाड फळी टाका. फळी टायरहून रुंद हवी, पूर्ण नक्षी तिच्यावर टेकली पाहिजे. अर्धा टायर बाहेर लोंबकळत राहिला तर एकाच पट्ट्यावर वजन येतं. पावसाळ्यात ओल्या मातीपासूनही सुटका होते.

पांघरूण

इथे मी बरेच प्रयोग केले. काळं प्लास्टिक तापतं आणि आत घाम धरतं. गोणपाट उन्हाळ्यात ठीक, पण एका सरीत भिजून आठवडाभर ओलं राहतं. पांढऱ्या जाड कॅनव्हासची टोपी शिवून घेतली, खालून उघडी, ती सगळ्यांत टिकली. टायरची बाजू पूर्ण झाकली पाहिजे, नुसता वरचा अर्धा भाग नाही. शिवणार नसाल तर चुना फासलेला प्लायवुडचा तुकडा चाकांना तिरका टेकवा. दोरीने बांधा मात्र, नाहीतर मेमधल्या पहिल्याच आंधीत तो शेजाऱ्यांच्या गच्चीवर सापडेल.

स्टेपनीला विसरू नका. ट्रेलरच्या पुढे उघड्यावर टांगलेली, दिवसभर ऊन खाणारी तीच असते.

महिन्यातून एकदा

खडूने प्रत्येक टायरच्या तळाशी खूण करा आणि ट्रेलर हातभर पुढे ढकला. खूण जागेवरून हलली की तो पट्टा सुटला. जमलं तर रिकामा ट्रेलर झाशी रोडवर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. रबराला मेण बाहेर काढायला तेवढं फिरणं लागतं. जॅकवर असेल तर हाताने चाकं फिरवा, बेअरिंगचा आवाजही कळतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी कव्हर काढा, टॉर्चने टायरच्या दोन्ही बाजू पाहा. बारीक रेघा असतील तर लक्ष ठेवा. भेगेत नख अडकत असेल, फुगवटा असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर टायर बदला, मग घोडी वाट बघत उभी असली तरी.