३८वा क्रमांक आणि वरुडचा संत्रा

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टला विषय मिळाला, व्यापाराच्या लॉजिस्टिक्समध्ये कोणता देश किती पुढे. मी वरुड तालुक्यातला. लॉजिस्टिक्स म्हणजे आमच्याकडे क्रेट, ट्रक आणि ड्रायव्हरला दहा फोन. जागतिक बँकेचा 'लॉजिस्टिक्स परफॉर्मन्स इंडेक्स', म्हणजे एलपीआय, उतरवून घेतला, रंगीत आलेख काढले आणि दिवाळीला गावी आलो. मामा संत्र्याचे व्यापारी, आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू होती. त्यांना ऐटीत सांगितलं, "मामा, १३९ देशांत आपण ३८वे. बांगलादेश ८८वा."

मामा क्रेट मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं हाये बावा. मंग आपला संत्रा तिकडं काऊन नाही जाऊन रायला?"

माझ्या एकाही आलेखात याचं उत्तर नव्हतं. नागपुरी संत्र्याचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश, आणि २०१९ नंतर त्यांनी आयातशुल्क पुन्हापुन्हा वाढवलं. एलपीआय शुल्क मोजतच नाही. तो सहा गोष्टी बघतो : सीमाशुल्क खात्याचं काम किती झटपट होतं, रस्ते-बंदरं कशी आहेत, रास्त भावात जहाजाची सोय होते का, सेवा देणाऱ्यांना काम येतं का, माल कुठे आहे ते कळतं का आणि तो वेळेवर पोचतो का. प्रत्येकाला १ ते ५ गुण. मामांची अडचण या सहांच्या बाहेरची होती. या विषयात नव्याने उतरणाऱ्याने आधी हे बघावं की निर्देशांक काय मोजत नाही. मी ते प्रोजेक्ट अर्धं झाल्यावर बघितलं.

दुसरी गोष्ट, गुण देतं कोण? फ्रेट फॉरवर्डर (म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी पाठवायची व्यवस्था करणाऱ्या) आणि कुरिअर कंपन्यांतली माणसं, आणि तीही स्वतःच्या देशाला नाही, ज्यांच्याशी धंदा आहे त्या परदेशांना. २०२३च्या अहवालासाठी अशा ६५२ जणांनी मतं दिली. म्हणजे भारताचे ३.४ गुण हे बाहेरच्यांचं आपल्याबद्दलचं मत आहे. मत खोटं असतं असं नाही, पण स्टॉपवॉच लावून मोजलेला वेळ आणि मत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्याच अहवालात कंटेनरच्या नोंदींवरून मोजलेले दिवसही दिलेत, आणि मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्या पानांनी. बंदरात कंटेनर सरासरी किती दिवस पडून राहतो? भारतात सुमारे ३, अमेरिकेत ७, जर्मनीत १०. आणि गुणांच्या यादीत जर्मनी ४.१ घेऊन पहिल्या काही देशांत! सरांना विचारलं तर ते हसले, "दोन्ही बरोबर आहे, आता सांग का." मला सुचलेलं उत्तर असं की काही ठिकाणी कंटेनर अडलेला नसतो, मालकानेच सोयीने ठेवलेला असतो. ते पुरेसं आहे असा माझा दावा नाही. पण प्रोजेक्टमधलं तेवढंच एक पान वाचण्यासारखं झालं.

क्रमांकाने आणखी एकदा फसवलं. २०१६ मध्ये भारत ३५वा, २०१८ मध्ये ४४वा, २०२३ मध्ये ३८वा. मी बाण काढून मोकळा झालो : घसरण, मग झेप. पण २०१८च्या यादीत १६० देश होते, २०२३ मध्ये १३९. १६०त ४४ आणि १३९त ३८, भागाकार करून बघा, दोन्हीकडे साधारण साडेसत्तावीस टक्के. गुण मात्र खरंच वाढले, ३.१८ वरून ३.४. शिवाय तेवढेच ३.४ गुण असलेले पोर्तुगाल, सौदी अरेबिया, तुर्की हेही ३८वेच. तेव्हापासून मी आधी गुण, मग सहा घटक आणि शेवटी क्रमांक बघतो. २०२३ मध्ये भारताचे सर्वांत कमी गुण सीमाशुल्कात आहेत, ३.०. वेळेवर पोचण्यात ३.६. काम कुठे बाकी आहे ते इथे दिसतं, ३८ या आकड्यात दिसत नाही.

आपल्याकडच्या पोरांनी स्वित्झर्लंड जरूर बघावा. समुद्र नाही, तरी ४.१. विदर्भालाही समुद्र नाही, आणि त्यावरून रडगाणं गायची सवय आपल्याला जुनीच आहे. मी स्वतः "नागपूर बंदरापासून लांब आहे" हे वाक्य प्रोजेक्टमध्ये चार वेळा लिहिलं होतं. सरांनी पहिल्या तिन्हींवर काट मारली, चौथ्याखाली लिहिलं, "मग?"

त्या 'मग'चं उत्तर मिळालं ते पहिल्या नोकरीत, नागपुरातल्या एका सीएचएच्या, म्हणजे सीमाशुल्काची कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटाच्या, ऑफिसात. पगार बेताचा, काम फायली घेऊन कंटेनर डेपोत पळण्याचं. तिथे एकदा हिंगणघाटकडच्या जिनिंगच्या गाठींचा कंटेनर माझ्याकडे आला. मी वहीत तारखा टिपल्या : गाठी कधी भरल्या, डेपोत कधी आल्या, शिपिंग बिल (निर्यातीचा सीमाशुल्क खात्याकडचा अर्ज) कधी झालं, गाडीवर कधी चढल्या, बंदरात कधी पोचल्या. रेल्वेच्या प्रवासाचे दिवस थोडे निघाले. जास्त गेले ते बिलावरचं वजन आणि पॅकिंग लिस्टमधलं वजन जुळेना म्हणून. चूक माझीच होती, एका गाठीचं वजन मी दुसरीसमोर लिहिलं होतं.

एलपीआयचा तक्ता कोणालाही फुकट उतरवता येतो, एक्सेलमध्ये मिळतो. पण आधी अशी एक वही करा. कापूस असो, संत्रा असो, एकाच मालाच्या तारखा टिपा आणि प्रत्येक थांब्यासमोर लिहा की सहांपैकी कोणत्या घटकामुळे थांबला. कशातच बसत नसेल तर खाली सातवी ओळ ओढा. माझ्या वहीत त्या ओळीवर 'शुल्क' असं लिहिलंय, मामांनी सांगितलेलं.